भातासाठी बेवड : रायगड किनाऱ्यावरील आच्छादन पिके आणि नत्राच्या वेळेचा प्रश्न

सारांश

एका पिकामागून त्याच जमिनीत घेतलेल्या दुसऱ्या पिकावर पहिल्याचा जो परिणाम होतो, त्यास मराठी शेतकरी 'बेवड' म्हणतो. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत भात हे मुख्य धान्यपीक असून भाताच्या कापणीनंतर पुढील लावणीपर्यंत बरीचशी शेते सात-आठ महिने मोकळी राहतात. या काळात द्विदल किंवा हिरवळीची पिके घेतल्यास पुढील भातास लाभ होतो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा केली आहे. पीक कोणते, या प्रश्नाइतकाच त्यातील नत्र जमिनीत केव्हा मोकळे होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि अतिवृष्टीच्या प्रदेशात तोच निर्णायक ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : बेवड, आच्छादन पीक, हिरवळीचे खत, वाल, धैंचा, गिरिपुष्प, राब, खारजमीन.

१. प्रस्तावना

रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा. भाताचे कोठार म्हणून त्याची ख्याती आहे. पनवेल, उरण, पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील शेतीचे स्वरूप मात्र गेल्या चार-पाच दशकांत झपाट्याने बदलले. कारखानदारी, मुंबईची जवळीक, जमिनींचे वाढते भाव आणि मजुरांची टंचाई यांमुळे भातशेती परवडत नाही, हे वाक्य गावोगाव ऐकू येते. अशा स्थितीत भाताचा उत्पादनखर्च कमी करणारा आणि जमिनीचा कस टिकवणारा कोणताही उपाय केवळ कृषिशास्त्राचा विषय राहत नाही. शेत कसले जाणार की पडीक राहणार, याच्याशी तो जोडलेला असतो.

आच्छादन पिके हा असाच एक उपाय म्हणून पुढे येतो. तथापि समशीतोष्ण प्रदेशातील गहू-मक्याच्या शेतीतून आलेली ही कल्पना कोकणातील चिखलणीच्या भातास जशीच्या तशी लागू पडत नाही. तिची पारख येथील पाऊस, येथील माती आणि येथील शेतीचक्र यांच्या कसोटीवर केली पाहिजे.

२. संकल्पना आणि संज्ञा

मुख्य पिकांच्या दरम्यानच्या काळात जमीन उघडी राहू नये म्हणून घेतलेले पीक म्हणजे आच्छादन पीक होय. ते हिरवे असतानाच जमिनीत गाडले तर त्यास हिरवळीचे खत म्हणतात. हिरवळीच्या खताचेही दोन प्रकार आहेत. ताग, धैंचा यांसारखी पिके शेतातच वाढवून तेथेच गाडली जातात. गिरिपुष्पासारख्या झाडांचा पाला मात्र बांधावरून किंवा अन्य जागेवरून तोडून शेतात आणला जातो.

द्विदल पिकांना यात महत्त्व येते ते त्यांच्या मुळांवरील गाठींमुळे. या गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्राचे रूपांतर वनस्पतीस घेता येईल अशा संयुगांत करतात. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात हेच कार्य नैसर्गिक वायूच्या साहाय्याने, प्रचंड दाब व तापमान वापरून होते. त्यातून अमोनिया आणि पुढे युरिया तयार होतो. वालाच्या वेलावरील गाठ तेच काम सूर्यप्रकाशावर आणि शेतातल्या तापमानात करते. मात्र कारखान्याचे खत गोणीत राहते व शेतकरी हवे तेव्हा ते टाकू शकतो. गाठीतून आलेले नत्र पिकाच्या व जमिनीच्या वेळापत्रकाने मिळते. पुढील सर्व विवेचनाचा गाभा हा फरक आहे.

३. शेतीचक्रातील दोन मोकळे कालखंड

रायगड किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस स्थिरावतो, रोपे तीन-चार आठवड्यांची झाली की जुलैत चिखलणी व लावणी होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी. यानंतर जमिनीला दोन मोकळे कालखंड मिळतात.

पहिला कालखंड कापणीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंतचा. भाताच्या खाचरात ओल शिल्लक असते आणि वाफसा येताच एखादी नांगरट करून किंवा टोकून वाल, पावटा, हरभरा, मूग ही पिके निव्वळ त्या ओलीवर घेता येतात. रायगडचा कडवा वाल याच ओलीवर पोसतो. वालाचे बिरडे आणि हिवाळ्यातील पोपटी या दोन्ही गोष्टी भातामागच्या या पिकातून आलेल्या आहेत. अलिबागचा भौगोलिक मानांकन लाभलेला पांढरा कांदाही भाताच्याच शेतात घेतला जातो. पण तो द्विदल नसल्याने नत्राची भर घालत नाही.

दुसरा कालखंड मे महिन्याच्या मध्यापासून लावणीपर्यंतचा, म्हणजे जेमतेम सहा ते आठ आठवड्यांचा. पहिल्या कालखंडात ओल असते पण ती झपाट्याने कमी होत जाते. दुसऱ्यात सुरुवातीस ओल नसते आणि नंतर एकदम अतोनात पाणी येते. कोणते पीक कोणत्या कालखंडात बसते, यावर भाताला मिळणारा बेवड अवलंबून राहतो.

४. वालाचा बेवड : अपेक्षा आणि वस्तुस्थिती

वाल द्विदल आहे, म्हणून वालानंतर भाताला नत्र कमी दिले तरी चालेल, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो पडताळून पाहणे आवश्यक आहे. वालाच्या दाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. प्रथिनांत नत्राचे प्रमाण सुमारे १६ टक्के असल्याने दर १०० किलो दाण्याबरोबर साधारण ४ किलो नत्र शेताबाहेर जाते. हेक्टरी ८ क्विंटल दाणे निघाले, असे उदाहरणादाखल धरल्यास ३२ किलो नत्र खळ्यावर पोहोचते. वेल मुळासकट उपटून खळ्यावर नेले आणि भुसा गुरांना घातला, तर शेतात उरतो तो गळलेला पाला आणि तुटलेली मुळे. पिकाने हवेतून घेतलेल्या नत्रापेक्षा बाहेर गेलेले नत्र अधिकही असू शकते.

याचा अर्थ वाल निरुपयोगी आहे असा नव्हे. शेतकऱ्याला त्यातून अन्न व रोकड मिळते, उघड्या जमिनीवर काही महिने सावली राहते, आणि चिखलणीने घट्ट झालेल्या थराखाली जाणाऱ्या मुळांमुळे मातीची घडण सुधारण्यास मदत होते. परंतु दाण्यासाठी घेतलेले कडधान्य आणि जमिनीसाठी घेतलेले हिरवळीचे पीक यांच्याकडून एकाच फळाची अपेक्षा करणे योग्य नाही. वालानंतर युरिया निम्म्यावर आणावा असा सल्ला दिला आणि भात पिवळे पडले, तर त्या शेतकऱ्याचा विश्वास केवळ वालावरूनच नव्हे, तर अशा सर्वच सल्ल्यांवरून उडतो.

वालापासून अधिक लाभ मिळवण्याचे मार्ग साधे आहेत. वेल उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावेत, म्हणजे गाठींसह मुळे शेतातच राहतात. बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक, प्रति १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात, चोळावे. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत उपयुक्त जिवाणूंची संख्या पुरेशी असेलच असे नाही. शेंगा तोडून हिरवा वाल विकला जातो तेथे उरलेला वेल जमिनीवरच पसरून ठेवावा.

५. पहिल्या पावसाचे नत्र

आता अधिक सूक्ष्म, पण अधिक महत्त्वाचा मुद्दा पाहू. वालाच्या अवशेषांतून आणि जमिनीतील मूळच्या सेंद्रिय द्रव्यातून मोकळे होणारे नत्र कोरड्या, हवेशीर मातीत अखेर नायट्रेटच्या रूपात साठते. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडताच सूक्ष्मजीवांची क्रिया उसळी घेते आणि थोड्याच दिवसांत नायट्रेटचे प्रमाण वाढते. पहिल्या सरींनंतर बांधावरचे गवत एकाएकी हिरवेगार होते, त्यामागे पाण्याइतकाच या नत्राचाही वाटा असतो.

भाताच्या दृष्टीने मात्र हे नत्र चुकीच्या वेळी आलेले असते. शेतात लावणी झालेली नसल्यामुळे ते घेण्यास पीक नसते. नायट्रेटचा भार ऋण असल्याने मातीचे कण त्यास धरून ठेवत नाहीत. ते पाण्याबरोबर खाली झिरपते. जे उरते ते खाचरात पाणी साचून प्राणवायू संपला की विनायट्रीकरणाने वायुरूप होऊन हवेत जाते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी कोरड्या हंगामात साठलेल्या नायट्रेटची ही हानी स्पष्ट केली. त्याच अभ्यासांतून असेही दिसले की, या संक्रमणकाळात शेतात एखादे पीक, अगदी तणसुद्धा, उभे असेल तर ते नायट्रेट शोषून घेते आणि चिखलणीत गाडले गेल्यावर ते नत्र भातास परत मिळू शकते.

याउलट पाण्याखालील जमिनीत हिरवा पाला कुजतो तेव्हा नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात मोकळे होते. अमोनियमचा भार धन असल्याने मातीचे कण त्यास धरतात, आणि प्राणवायूच्या अभावी त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतरही फारसे होत नाही. म्हणून मार्चमध्ये कुजलेल्या पाल्यापेक्षा चिखलणीच्या वेळी गाडलेला पाला भातास अधिक उपयोगी पडतो. रायगडसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात ही तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

६. राबाकडून गिरिपुष्पाकडे

बाहेरून पाला आणून भातास देण्याची कल्पना कोकणास नवी नाही. रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळे व गवत यांचे थर देऊन उन्हाळ्यात ते जाळण्याची 'राब' भाजण्याची रीत सर्वांना परिचित आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या वनविषयक गाऱ्हाण्यांचा विचार करण्यासाठी १८८५ मध्ये नेमलेल्या आयोगापुढे राबाचा प्रश्न प्रामुख्याने आला होता. कारण राखीव जंगलांमुळे कवळे तोडण्यावर बंधने आली होती. भाताच्या रोपांसाठी किती लांबून व किती श्रमाने पोषणद्रव्ये आणली जात, हे यावरून ध्यानात येते.

राबामुळे तणांचे बी मरते, माती मोकळी होते आणि राखेतून पालाश व स्फुरद मिळते. परंतु जाळलेल्या पाल्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जाते. तोच पाला न जाळता चिखलात मिसळल्यास हे नत्र शेतात राहते. गिरिपुष्पाच्या प्रसारामागील तत्त्व हेच आहे. हे झाड फांद्या लावून वाढते, छाटणी सहन करते, गुरे ते सहसा खात नाहीत आणि ते बांधावर वाढत असल्याने पिकाची जागा अडवत नाही.

कोकणात रुजलेल्या चारसूत्री भातशेतीत गिरिपुष्पास स्थान आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीची चार सूत्रे अशी : भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचा वापर, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेटचा खोलवर वापर. हेक्टरी ३ टन हिरवा पाला धरल्यास त्यात सुमारे पाऊण टन शुष्क द्रव्य असते आणि शुष्क पाल्यात नत्र २.५ ते ३ टक्के असल्याने जवळपास २० किलो नत्र मिळते. भातास हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस लक्षात घेता हा पाचवा हिस्सा झाला. तो मोठा नाही; पण तो योग्य वेळी येतो, ही त्याची खरी किंमत. पाला लावणीपूर्वी सुमारे आठवडाभर अगोदर पसरून चिखलणीत मिसळल्यास लावणीच्या सुमारास नत्र मोकळे होऊ लागते. अवशेषांचा फेरवापर व पाला ही दोन सूत्रे एकमेकांस पूरक आहेत. भाताच्या पेंढ्यात कर्बाचे प्रमाण नत्राच्या साठ-सत्तर पट असते. तो एकटा कुजताना जिवाणू मातीतील नत्रच वापरतात. हिरव्या पाल्यात हे प्रमाण वीसच्या आसपास असल्याने ही तूट भरून निघते.

७. ताग-धैंच्याच्या वेळेचे गणित

शेतातच वाढवायच्या हिरवळीच्या पिकांत चिखलाच्या जमिनीसाठी धैंचा अधिक योग्य ठरतो, कारण तो पाणी साचलेले सहन करतो. तागास निचरा लागतो. धैंच्याचे बियाणे हेक्टरी ४० ते ५० किलो लागते आणि ४५ ते ५० दिवसांत, फुले येण्याच्या सुमारास, तो गाडण्यायोग्य होतो. हिरव्या धैंच्यात नत्र सुमारे ०.४ टक्के धरले जाते. म्हणजे १० टन हिरवळीतून ४० किलो. इतके नत्र सुमारे ८७ किलो युरियात, अर्थात ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्यांत असते.

हे आकडे आकर्षक असले तरी वेळ जुळत नाही. पावसाबरोबर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेला धैंचा जुलैच्या अखेरीस तयार होतो. तोवर रोपे जून झालेली असतात. लावणी त्यासाठी पुढे ढकलल्यास हिरवळीने मिळवलेले उशिराने गमावले जाते. यातून तीन मार्ग निघतात. विहीर किंवा तळ्याचे पाणी आहे तेथे मेच्या मध्यास एक-दोन पाणी देऊन पेरणी करावी. पाणी नसेल तेथे धूळवाफेवर बी टाकून महिनाभराचे कोवळे पीकच गाडावे. हिरवळ कमी मिळते, पण कोवळी असल्याने लवकर कुजते आणि पहिल्या पावसाचे नायट्रेटही पकडते. तिसरा मार्ग पेरभाताचा : भाताबरोबरच धैंचा पेरून २५-३० दिवसांनी तो मारावा व जागेवरच कुजू द्यावा. अतिवृष्टीत तणनाशक धुऊन जाण्याचा धोका असल्याने या मार्गाचा काटेकोर विचार करावा लागतो.

चिखलणीच टाळणारा प्रयोगही याच जिल्ह्यातील आहे. कर्जत तालुक्यातील नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भात टोकतात, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात आणि नांगरट न करता त्याच वाफ्यांवर वालासारखे पुढील पीक घेतात. येथे माती अधिक काळ हवेशीर राहत असल्याने नत्राचे वर्तन खाचरापेक्षा वेगळे असणार. म्हणून एका पद्धतीतील खतमात्रा दुसरीस सरसकट लावता येणार नाहीत.

८. खारजमिनींचा वेगळा प्रश्न

किनाऱ्यावरील खारजमिनींत प्रश्न नत्रापुरता राहत नाही. बांध व उघाड्या यांनी समुद्राचे पाणी अडवून केलेल्या या जमिनींत पाऊस वरच्या थरातील क्षार धुऊन काढतो आणि त्या गोड्या काळात भात पिकते. पाऊस संपला की उघड्या जमिनीतून बाष्पीभवन सुरू होते, खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि उन्हाळ्यात पृष्ठभागावर क्षारांची पांढरी पापुद्री दिसते. पुढच्या जूनमध्ये तेवढे क्षार धुतले जाईपर्यंत पेरणी थांबवावी लागते.

अशा जमिनीत आच्छादनाचे मुख्य कार्य बाष्पीभवन रोखण्याचे असते. वाल क्षारास संवेदनशील असल्याने तो फक्त क्षार कमी असलेल्या उंच भागात येतो. अन्यत्र भाताचा पेंढा किंवा उंच ठेवलेले धसकटही सावलीचे काम करते. धैंचा क्षार बऱ्यापैकी सहन करतो, त्यामुळे पावसाच्या आरंभी तो उपयुक्त ठरतो. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षारसहनशील भाताचे वाण दिले आहेत. मात्र उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडल्यास वाण, हिरवळ व खत या साऱ्यांचा उपयोग एका दिवसात संपतो. खारजमिनीत बेवडाची पहिली अट बांधाची दुरुस्ती हीच आहे.

९. व्यवहारातील अडथळे

पहिला अडथळा मोकाट गुरांचा. भाताची कापणी झाली की गुरे मोकळी सोडण्याची प्रथा अनेक गावांत आहे. एका शेतकऱ्याने वाल किंवा धैंचा पेरला आणि भोवतालची शेते मोकळी असतील, तर त्याचे पीक गावाचे कुरण बनते. कुंपणाचा खर्च लहान तुकड्यांच्या शेतीस पेलत नाही. त्यामुळे आच्छादन पीक हा वैयक्तिक निर्णय राहत नाही. वाडीने किंवा गावाने मिळून तो घ्यावा लागतो. दुसरा अडथळा श्रमाचा. ३ टन पाला तोडणे, वाहणे व पसरणे हे काम लावणीच्या ऐन धांदलीत येते. तिसरा बियाण्याचा : धैंच्याचे बी मेमध्ये हाती आले नाही तर वर्ष वाया जाते, बांधाकडेला थोडा धैंचा बियांसाठी राखणे हा सोपा उपाय आहे. चौथा मुद्दा पर्यावरणाचा. पाण्याखाली ताजा पाला कुजताना मिथेन वायू अधिक निर्माण होतो. लावणीनंतर योग्य वेळी खाचरातील पाणी काही दिवस उतरवल्यास तो कमी होतो. परंतु सततच्या पावसात हे नेहमी साध्य होत नाही.

१०. समारोप

रायगड किनाऱ्यावर भातास चांगला बेवड मिळवून देणे शक्य आहे. पण त्यासाठी एकच पीक सर्वत्र सुचवणे उपयोगाचे नाही. ओल टिकवणाऱ्या खाचरात वाल घ्यावा, तो प्रामुख्याने उत्पन्नासाठी आहे हे मान्य करावे आणि मुळे शेतात ठेवावीत. भातासाठीचे नत्र चिखलणीच्या वेळी, गिरिपुष्प किंवा कोवळ्या धैंच्यातून द्यावे. खारजमिनीत आधी बांध आणि उन्हाळी आच्छादन पाहावे. युरियाची मात्रा कमी करायची ती प्रत्यक्ष गाडलेल्या हिरवळीच्या वजनावरून. केवळ द्विदल पीक घेतले या कारणावरून नव्हे.

या विषयात महाविद्यालयांना करण्यासारखे बरेच आहे. रसायनशास्त्र विभागाला मे ते जुलै या काळात दर आठवड्यास परिसरातील शेतांच्या मातीतील नायट्रेट मोजता येईल. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी वालाच्या मुळांवरील गाठी मोजू शकतात; अर्थशास्त्राचे विद्यार्थी पाला वाहण्याच्या मजुरीचा आणि वाचलेल्या युरियाचा हिशेब मांडू शकतात. मोकाट गुरांविषयी गावाने केलेले ठराव कोठे टिकले व कोठे मोडले, हा समाजशास्त्राचा विषय आहे. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आजही थोडीफार भातशेती आहे. ती पुढे कसायची की नाही, हा निर्णय येत्या काही वर्षांत त्यांनाच घ्यावयाचा आहे. तो घेताना त्यांच्या हाती स्वतःच्या शेतातील मातीचे आकडे असावेत, एवढी व्यवस्था महाविद्यालयांना निश्चितच करता येईल.